तुम्हाला येतं ना? मग लिहून द्या!

प्रभादेवीकरांनो, दादर-परळ-लालबागच्या शेजाऱ्यांनो,

तुमच्या घरात जुना संगणक आहे का? तुमच्या नाही, तर समोरच्या बिऱ्हाडात? सोसायटीच्या ऑफिसात, मंडळाच्या खोलीत, पतपेढीच्या काउंटरवर, वाचनालयाच्या कोपऱ्यात? असेल, तर दहा मिनिटं काढा आणि हे वाचा. त्या संगणकाशी तुमची बऱ्यापैकी ओळख असेल, तर शेवटपर्यंत वाचा. हे आवाहन तुम्हालाच आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चे नियमित सुरक्षा-अपडेट थांबवले. ज्या घरांनी जादा मुदतीसाठी नोंदणी केली, त्यांच्यासाठी जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ची. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही. तो रोजच्यासारखाच सुरू होतो. मुलगी त्यावर शाळेचा प्रकल्प करते, बाबा बँकेचं खातं बघतात, सेक्रेटरी मेंटेनन्सचा हिशेब मांडतात. सगळं ठीक दिसतं, आणि खरा धोका इथेच आहे. नोंदणी नसेल किंवा ती मुदत संपली, की त्यात जे भगदाड सापडेल, ते बुजवायला कोणी येणार नाही. भगदाडं शोधत फिरणारे मात्र रोज येतील.

विंडोज ११ टाकावं, तर ते टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मागतं आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर नाकारतं. यंत्र धडधाकट असलं तरी वयानं बाद. मग काय, भंगारात द्यायचं? एका पगारावर दोन मुलांच्या फिया भरणाऱ्या घरानं नव्या संगणकाचा खर्च कुठून काढायचा?

म्हणून नीट ऐका. उपाय आहे, आणि तो फुकट आहे.

विंडोजच्या जागी बसवता येणारी लिनक्स मिंट ही ओपन सोर्स प्रणाली २ जीबी रॅमवर उभी राहते, ४ जीबी असेल तर आरामात चालते. पत्र लिहायला आणि हिशेब मांडायला लिब्रे ऑफिस आहे. २०१० पासून जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळत आले आहेत. इंटरनेटसाठी फायरफॉक्स आहे. मंडळाच्या जुन्या छापील अहवालांची पानं स्कॅन केली, तर त्यातला मराठी मजकूर ओळखून देणारं टेसरॅक्ट आहे. कोणाला एक पैसा द्यावा लागत नाही. चोरीची सीडी आणावी लागत नाही. ज्याला हवं त्यानं घ्यावं, वापरावं, दुसऱ्याला द्यावं, अशी ही सगळी सॉफ्टवेअर आहेत.

मग ती घराघरांत का पोचली नाहीत? कारण ती वापरायची कशी, हे आपल्या माणसांना आपल्या भाषेत, पायरीपायरीनं कोणी लिहून दिलेलं नाही. लिब्रे ऑफिसचे मेनू मराठीत मिळतात. कुणीतरी खपून शब्द न् शब्द मराठीत आणला आहे. पण विंडोजवर ते बसवताना ‘कस्टम’ निवडून मराठीवर खूण करावी लागते, हे किती जणांना ठाऊक आहे? आणि पुढे अडलं म्हणून एफ१ दाबलं, की मदत उघडते ती इंग्रजीत. तिथेच आपली काकू संगणक बंद करते आणि म्हणते, हे काही मला जमायचं नाही.

तिला जमेल. तुम्ही लिहून दिलंत तर नक्की जमेल.

तुम्हाला हे येतं. तुम्ही ऑफिसात रोज करता. तुम्ही कीर्ती महाविद्यालयात आयटी शिकता. तुम्ही डीटीपीच्या दुकानात दिवसभर मराठी टाइप करता. तुम्ही बँकेतून निवृत्त झालात आणि घरच्या संगणकावर स्वतःहून चार गोष्टी शिकलात. जिथे एके काळी गिरण्यांचे भोंगे वाजत, तिथल्या उंच इमारतींत बसून तुम्ही परदेशी गिऱ्हाइकांसाठी सॉफ्टवेअर लिहिता, आणि त्याबरोबर उत्तम इंग्रजी मार्गदर्शिकाही लिहून देता. मग एक पान इथल्यासाठी लिहा. पुस्तक नको. एका कामाचं एक पान पुरे.

लहान काम निवडा. सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती लिब्रे ऑफिसमध्ये कशी करायची. फोनमधले फोटो संगणकावर आणि तिथून पेन ड्राइव्हवर कसे उतरवायचे. मराठी टायपिंग कसं सुरू करायचं. एवढंसं काम? हो, एवढंसंच. ‘दऱ्या’ टाइप करताना कितीजणांना घाम फुटतो, आठवून बघा. इन्स्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या की-बोर्डवर ‘द’ नंतरचं उत्तर एका ओळीचं आहे: शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरप्या रेघेची कळ, मग ई. ‘ऱ्या’ उमटतं. ही एक ओळ ज्याला मिळाली, त्यानं आयुष्यभरासाठी एक अडचण ओलांडली. अशा किती ओळी तुमच्या डोक्यात पडून आहेत! त्या कागदावर उतरवा.

पण जपून उतरवा. अर्धवट लिहिलेलं पान घर बुडवू शकतं.

लिनक्स मिंट बसवताना एक प्रश्न समोर येतो. त्यातला एक पर्याय सांगतो, डिस्क पुसून मिंट बसवा. दिसायला साधं वाक्य. तो पर्याय घेऊन पुढे गेलं, की विंडोजबरोबर त्या डिस्कवरचं सगळं जातं. आजोबांच्या पंचाहत्तरीचे फोटो जातात. भाचीच्या बारशाचा व्हिडिओ जातो. मंडळाच्या वर्गणीचा सगळा जुना हिशेब जातो. ‘पुढे जा’ म्हणणाऱ्या माणसानं वाईट चिंतलेलं नसतं. त्याची एक ओळ लिहायची राहिलेली असते, इतकंच.

ती ओळ तुम्ही लिहा. सगळ्यात वर लिहा, ठळक लिहा: आधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर घ्या, ती उघडून बघा, मगच पुढे या. इशारा नेहमी कृतीच्या आधी द्या. कृती झाल्यावर दिलेल्या इशाऱ्याचा काय उपयोग? हेही लिहा, की मिंट न बसवता नुसतं पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं. प्रिंटर चालतो का, वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, हे आधी तपासता येतं. घाबरणाऱ्या माणसाला ही मुभा सांगा. तो एक पाऊल पुढे टाकेल.

आणि जाणकारासाठी लिहू नका. जाणकाराचं लिहिणं बऱ्याचदा ‘अंदाजानं पाणी घाला’ असं असतं. जिला भाजणी भिजवायची सवय आहे तिला ते पुरतं. पहिल्यांदा करणारीची चकली बिघडते. ‘सेटिंग योग्य ते करा’ हेही तसंच. कोणतं सेटिंग? कुठे आहे? योग्य म्हणजे काय? एका पायरीत एकच काम सांगा. पायऱ्यांना आकडे द्या. बटणावर जे शब्द दिसतात तेच जसेच्या तसे लिहा. त्यानंतर पडद्यावर काय दिसेल ते सांगा, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की आपण वाटेवर आहोत. तसं न दिसलं तर काय करायचं, तेही सांगा. खाली सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि तारीख घाला. दोन वर्षांनी मेनू बदलतील, तेव्हा वाचणारा स्वतःला मूर्ख समजणार नाही. पान जुनं झालंय हे त्याला कळेल.

आता मोठ्या धोक्याकडे बघा.

अडलेला माणूस काय करतो? मुलगा ऑफिसात, सून लोकलमध्ये, शेजारी दार लावून बसलेले. मग तो इंटरनेटवर मदतीचा नंबर शोधतो. तिथे खोटे नंबर पेरून ठेवलेले आहेत. पलीकडून गोड आवाज येतो. काका, काळजी करू नका, हे एक ॲप टाका, मी इथूनच करून देतो. ॲप पडतं, पडदा त्याच्या ताब्यात जातो, ओटीपी त्याला दिसतो. निवृत्तीचा पैसा, औषधाचा पैसा, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेला पैसा दुपारच्या चहाआधी निघून जातो. तक्रार करायला १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे आणि तो ताबडतोब फिरवायला हवा. पण तिथपर्यंत वेळ येऊच का द्यायची? ज्याच्या टेबलावर ओळखीच्या माणसानं लिहिलेलं एक पान आहे, तो अनोळखी माणसाला फोन कशाला लावेल?

ते पान द्या. तुमच्या मजल्यावरच्या प्रत्येक ज्येष्ठाला द्या. मोठ्या अक्षरात छापा. पानाच्या तळाशी लिहा: मदतीसाठी कोणी फोनवर ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवा, फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा. दोन ओळी आहेत. लिहायला किती वेळ लागेल?

आणखी काही शेजाऱ्यांचा विचार करा. प्रभादेवीच्या एका बाजूला वरळीत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडची संस्था आहे. दुसऱ्या बाजूला दादरमध्ये कमला मेहता अंधशाळा आहे. डोळ्यांनी न दिसणाऱ्यांना पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणानं २००६ साली ते सुरू केलं. जेम्स तेह हा त्याचा दृष्टिहीन मित्र सोबत आला. पडदा वाचणारी महागडी सॉफ्टवेअर ज्यांना परवडत नव्हती, त्यांच्या हाती हे विनामूल्य आलं. पण ज्या पानावर ‘वरच्या कोपऱ्यातल्या हिरव्या बटणावर क्लिक करा’ एवढंच लिहिलंय, ते पान या वाचकाच्या काय कामाचं? आपल्या एका आळशी वाक्यानं एका मुलीच्या तोंडावर दार बंद होतं. तिला नोकरीचा अर्ज स्वतः भरायचा असतो. आपलं बँकेचं काम दुसऱ्याला न सांगता करायचं असतं.

तेव्हा प्रत्येक पायरीत कळ सांगा. इन्सर्ट धरून एन दाबलं की एनव्हीडीएचा मेनू उघडतो, असं लिहा. चित्र दिलंत तर चित्रात काय आहे ते शब्दांतही लिहा. मजकूर चित्रात चिकटवू नका. अक्षरं अक्षरं म्हणूनच राहू द्या, म्हणजे ती वाचून दाखवता येतील. यानं डोळसांचंही भलंच होईल. ज्याच्या घरी प्रिंटर नाही, ज्याच्या फोनवर चित्र नीट उघडत नाही, त्यालाही ते पान पुरेल.

हे सगळं स्वप्नरंजन वाटतं का? मग पवईकडे बघा. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकारानं ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. ओपन सोर्स सॉफ्टवेअर शिकवणारे दहा-दहा मिनिटांच्या आसपासचे धडे. पडद्याच्या एका अर्ध्यात धडा, दुसऱ्या अर्ध्यात सॉफ्टवेअर. ऐकायचं, थांबवायचं, आपण करून बघायचं. आवाज भारतीय भाषांतला, मराठीतलाही. त्या धड्यांमागची एक शिस्त आपण उचलायला हवी: संहिता लिहून झाली की ती आधी नवख्या माणसाकडून तपासून घेतात. त्याला ती वाचून काम जमलं पाहिजे. रेकॉर्डिंग त्यानंतर.

केरळकडेही बघा. तिथल्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवर संगणक शिकतात. सॉफ्टवेअर तेच, जे आपल्यालाही फुकट मिळतं. पण तिथे हातात मल्याळममधलं पाठ्यपुस्तक आहे आणि ते शिकवायला तयार केलेले शिक्षक आहेत. आपल्या मुलांना ते मिळू नये असं कोणी ठरवलेलं नाही. मात्र ते आपोआप मिळणारही नाही.

ही उणीव फक्त आपल्याकडची नाही. २०१७ साली गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळानं ओपन सोर्समध्ये काम करणाऱ्यांची पाहणी केली. त्यातल्या ९३ टक्के लोकांनी सांगितलं, की अपुरी किंवा गोंधळात टाकणारी माहिती ही अडचण आम्ही पाहिली आहे. आणि योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के लोक माहिती लिहिण्याच्या कामाला क्वचितच हात लावतात किंवा लावतच नाहीत. प्रोग्राम लिहिणारे पुष्कळ. समजावून सांगणारे थोडे. म्हणजे जागा रिकामी आहे, आणि त्या जागेसाठी प्रोग्रामिंग यायची गरज नाही. शेजारणीला चहा पिता पिता जसं समजावता, तसं लिहिता आलं की झालं.

आता कोणी म्हणेल, माझं मराठी तेवढं चांगलं नाही. ‘फाइल सेव्ह करा’ लिहा. ‘क्लिक करा’ लिहा. लोक बोलतात तेच शब्द वापरा. अवघड प्रतिशब्द शोधत बसू नका. कोणी म्हणेल, मी तज्ज्ञ नाही. मग तर तुम्हीच लिहा. कुठे अडलं होतं ते तुम्हाला अजून आठवतंय. तज्ज्ञ ते कधीच विसरला. कोणी म्हणेल, वेळ नाही. बोरिवलीहून दादरला येताना फोनवर जितकं वाचता, तितक्या वेळात एक पान लिहून होतं.

आणि ज्यांना संगणक अजिबात येत नाही, त्यांनी हे बाजूला ठेवू नका. तुमच्याशिवाय हे काम पुरं होणार नाही. आजी, काकू, मामा, तुम्ही पुढे या. लिहिणाऱ्याला म्हणा, आण तुझं पान, मी करून बघते. वाचा आणि करा. जिथे अडाल तिथे मोठ्यानं सांगा, हे मला कळलं नाही. लाजू नका. तुमचं एक ‘कळलं नाही’ पुढच्या शंभर माणसांची अडचण दूर करेल. आणि लिहिणाऱ्यांनो, त्या वेळी शेजारी बसा, पण तोंड उघडू नका. माउसला हात लावू नका. वाचणारा जिथे थांबेल तिथे पानावर खूण करा. घरी जाऊन ती पायरी पुन्हा लिहा.

प्रभादेवीला हे काम परकं नाही. सयानी मार्गावर रवींद्र नाट्यमंदिराच्या इमारतीत मराठी विश्वकोश निर्मिती मंडळाचं कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ साली विश्वकोशाचा पहिला खंड निघाला. पुढे वीस खंड झाले. ज्या त्या विषयातल्या माणसांनी आपलं ज्ञान मराठी वाचकाला कळेल असं लिहून दिलं, म्हणून ते झाले. त्यांनी खंड भरले. तुमच्याकडे एक पान मागतो आहोत.

उशीर मात्र करू नका. रोज कुठेतरी एक चांगला संगणक भंगारवाल्याच्या गाडीवर चढतो आहे. रोज कोणीतरी खोट्या नंबरावर फोन लावतो आहे. रोज कुणाचे तरी फोटो एका टिचकीनं पुसले जात आहेत. यातलं सगळं आपल्याला थांबवता येणार नाही. आपल्या जिन्यातलं, आपल्या वाडीतलं, आपल्या मंडळातलं थांबवता येईल.

तर असं करा. आज रात्री एक काम निवडा. उद्या ते स्वतः करत करत प्रत्येक पायरी लिहा. रविवारी ते पान एका नवख्या माणसापुढे ठेवा आणि गप्प बसून बघा. सोमवारी सुधारा. मग छापून सोसायटीच्या फलकावर लावा, वाचनालयात ठेवा, मंडळाच्या खोलीत ठेवा, व्हॉट्सॲपवर घरच्यांना धाडा. त्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा खुला परवाना लिहा, म्हणजे कोल्हापूरची शिक्षिका ते बिनदिक्कत उतरवून घेईल आणि नांदेडचा विद्यार्थी त्यात सुधारणा करेल. मराठी विकिबुक्सवर चढवा. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या स्वयंसेवकांकडेही पाठवा. अशा लिहिणाऱ्यांची त्यांना नेहमीच गरज असते.

गणपतीत वर्गणीपासून विसर्जनापर्यंतची कामं तुम्ही वाटून घेता. पाणी तुंबलं तर अनोळखी माणसाला घरात घेता. हेही तुम्ही कराल, याबद्दल आम्हाला शंका नाही. कागद घ्या. वर कामाचं नाव लिहा, बाजूला तारीख घाला, आणि पहिली पायरी लिहायला आत्ताच बसा.